मुळाक्षरांचे खून आणि आपले वाचक
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



या मालेत आतापर्यंत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, माळव्यातील मराठी घराण्यांचा इतिहासही झाला. अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत आज खुनाचे पान मांडण्याची कामगिरी माझ्याकडे आली आहे. आमच्या वाचकमंडळाच्या रविवारच्या बैठकींत ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या 'द ए. बी. सी. मर्डर्स' या कादंबरीवर ओळीने तीन वेळा वाद झाला. ते वाद कागदावर उतरावेत, असे ग्रंथपालांना वाटले. म्हणून आज माझे स्वतःचे मत थोडे आणि वाचकांची मते अधिक, असा बेत आहे. एक सूचना मात्र आधीच दिली पाहिजे. या पुस्तकाची चर्चा खुन्याचे नाव न घेता करणे म्हणजे लाडवाविषयी गुळाचे नाव न काढता बोलणे होय. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही आणि वाचायची आहे, त्यांनी क्षणभर व्हरांड्यात जाऊन चहा घ्यावा. स्मरणिकेत हे भाषण वाचणाऱ्यांनी पाने उलटावीत.

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी. इंदुरात शाळेची भाषा हिंदी, बाजाराची हिंदी, कचेरीची हिंदी आणि इंग्रजी. मराठी उरते ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि या इमारतीत. आमच्या पिढीची मुले येथे पायरी चढून आली, ती तुकोबांसाठी आली असे मी म्हणणार नाही. ती बाबूराव अर्णाळकरांसाठी आली. मुले कादंबरीचे नाव मागत नसत, 'झुंझार आहे का?' किंवा 'काळा पहाड द्या' असे म्हणत. स्टेशनवरच्या ठेल्यावर हिंदीतली 'जासूसी दुनिया' मिळत असे. इब्ने सफींच्या उर्दूतला कर्नल फरीदी तेथे विनोद होऊन बसला होता. पोरांचे मन तिकडे जाण्याचा धोका होता, आणि अनेकांचे गेलेही. ज्यांचे गेले नाही त्यांना मराठी वाचनाची सवय रहस्यकथांनी लावली. कार्यकारी मंडळात वर्षातून एकदा तरी प्रश्न निघतो की, तुटपुंज्या अनुदानातून असली पुस्तके का घ्यावीत. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी पुष्कळ जण स्वतः याच कपाटापाशी वाचायला शिकले, एवढे मी नम्रपणे नमूद करतो.

दीर्घ मालिकेचे रहस्य याच मागणीत आहे. वाचक गोष्ट मागत नाही, माणूस मागतो. कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात लोटले आणि दहा वर्षांनी त्यांना त्याला परत आणावे लागले. ख्रिस्तीबाईंचा हर्क्यूल प्वारो १९२० मध्ये पहिल्या कादंबरीत आला तोच निवृत्त, वयस्कर बेल्जियन म्हणून, आणि तेथून १९७५ पर्यंत तेहतीस कादंबऱ्या व पन्नासांहून अधिक कथा तो पुरला. बाईंना त्याचा कंटाळा आला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पण वाचक सोडीनात. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या कल्पित मनुष्याच्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर छापली. 'ए. बी. सी.' ही या मालिकेतील अकरावी कादंबरी. १९३५ च्या अखेरीस ती 'डेली एक्सप्रेस'मधून बरीच काटछाट होऊन क्रमशः आली आणि १९३६ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने. 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'च्या परीक्षणकर्त्याने तेव्हा थट्टेने लिहिले होते की, या बाई लेखन सोडून गुन्हेगारीकडे वळल्या तर त्यांना पकडणे प्वारोखेरीज कोणालाच जमायचे नाही.

कथा थोडक्यात अशी. 'ए. बी. सी.' अशा सहीचे पत्र प्वारोला येते. अमुक तारखेला अँडोव्हर गावाकडे लक्ष ठेवा, एवढाच मजकूर. २१ जूनला त्या गावी तंबाखूचे लहानसे दुकान चालवणारी ॲलिस ॲशर नावाची म्हातारी मारली जाते. जुलैत बेक्सहिलच्या समुद्रकिनाऱ्यावर बेटी बर्नार्ड ही उपाहारगृहातली मुलगी. ऑगस्टच्या अखेरीस चर्स्टनला सर कार्माइकल क्लार्क हे धनाढ्य संग्राहक. प्रत्येक प्रेताजवळ 'ए. बी. सी.' रेल्वे गाइडची प्रत. चौथे पत्र डॉनकास्टरचे, आणि दिवस नेमका तेथल्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीचा.

आमच्या बैठकीतील रेल्वेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी येथे एक गोष्ट लक्षात आणून दिली. आपल्याकडे वेळापत्रक म्हणजे 'ब्रॅडशॉ'. ते मार्गानुसार लावलेले असते, आणि ते वाचणे ही एक विद्याच होती. १८५३ पासून निघणाऱ्या 'ए. बी. सी.' गाइडमध्ये मात्र स्थानके वर्णानुक्रमाने असत आणि प्रत्येकासमोर लंडनहून जाण्यायेण्याच्या गाड्या. 'ब्रॅडशॉ' उशाशी घेऊन कोणाला ही कल्पना सुचली नसती, असे ते म्हणाले. मुळाक्षरे आणि आगगाडी यांची गाठ इंग्रज प्रवाशाच्या सोयीने आधीच मारून ठेवली होती, लेखिकेने फक्त ती पाहिली. हे निरीक्षण मला कोणत्याही समीक्षापुस्तकात आढळलेले नाही, म्हणून ते येथे नोंदवतो.

आता मतभेद. पहिला आक्षेप फसवणुकीचा. ही गोष्ट कॅप्टन हेस्टिंग्ज सांगतो. पण दुसऱ्याच प्रकरणात तो बाजूला होतो आणि आपल्याला एका कळकट खोलीत अलेक्झांडर बोनापार्ट कस्ट नावाचा जीर्ण कोटातला माणूस दिसतो. त्याच्याजवळ रेल्वे गाइड आहे, टंकलिखित नावांची यादी आहे, आणि तो त्या यादीवर खूण करतो आहे. जे हेस्टिंग्जने पाहिले नाही ते त्याने सांगावेच कसे, आणि आम्हाला चुकीच्या वाटेला लावण्याचा हा राजरोस डाव नव्हे काय, असे एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे. प्रस्तावनेत हेस्टिंग्जने याचा खुलासा केलेला आहे. तो त्यांना पुरेसा वाटत नाही.

माझे मत उलट आहे. ती प्रकरणे पुन्हा वाचून पाहा. कस्टने खून केला असे लेखिका कोठेही लिहीत नाही. तो मोजे विकत फिरतो, त्याचे डोके दुखते, त्याला फेपरे येते, महायुद्धातून तो मोडून परत आला आहे, आणि त्याला दोन जगज्जेत्यांची नावे ठेवणाऱ्या आईच्या अपेक्षांखाली तो आयुष्यभर वाकलेला आहे. एवढेच तिने लिहिले. उरलेले आपण लिहिले. गबाळा, एकाकी, आजारी माणूस दिसला आणि आपण त्याच्या हातात सुरी दिली. डॉनकास्टरच्या चित्रपटगृहात चौथा खून होतो, तेव्हा कस्टच्या खिशात खरोखरच सुरी सापडते आणि बाहीवर रक्त असते. मग तोही आपल्यासारखाच विचार करू लागतो, की हे मीच केले असणार. मला आठवत नाही एवढेच. शेवटी तो आपल्या पायांनी अँडोव्हरच्या पोलीस ठाण्यात जाऊन कोसळतो.

बैठकीतले डॉक्टर या ठिकाणी संतापले होते. फेपऱ्याच्या झटक्यात मनुष्य नकळत खून करतो, ही समजूत त्या काळी केवळ अडाण्यांची नव्हती. लोंब्रोझोसारख्या पंडितांनी अपस्मार आणि गुन्हेगारी यांचा संबंध जोडून तिला शास्त्राचे वस्त्र नेसवले होते. अपस्माराच्या रुग्णांना आजही लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी काय सोसावे लागते हे डॉक्टर रोज पाहतात. त्यांचा आक्षेप असा की, लेखिकेने या समजुतीचा रहस्यासाठी उपयोग करून घेतला. कोणी म्हणाले, उपयोग केला खरा, पण शेवटी तिने तीच समजूत खोटी ठरवली. डॉक्टर म्हणाले, दोनशे पाने ती खरी वाटू दिल्यानंतर! हा वाद मिटला नाही, आणि तो मिटवण्याची माझी इच्छाही नाही. पुस्तकाच्या अखेरीस प्वारो कस्टला सांगतो की, डोकेदुखीसाठी एकदा चष्मेवाल्याकडे जाऊन ये. मृत्यूच्या छायेतून सुटलेल्या माणसाला दिलेला हा साधा सल्ला डॉक्टरांनाही आवडला, एवढे खरे.

आता खुनी. तो आहे फ्रँकलिन क्लार्क, तिसऱ्या मृताचा सख्खा भाऊ. वहिनी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. ती गेल्यावर भाऊ आपल्या तरुण सेक्रेटरीशी लग्न करील, मुलेबाळे होतील आणि इस्टेट हातची जाईल, ही त्याची धास्ती. एकाच माणसाला मारायचे होते. तो एक खून लपावा म्हणून त्याच्या मागेपुढे इतर खून रचले. अक्षरे, पत्रे, रेल्वे गाइड, सगळा देखावा. प्वारोला तो कळतो तो एका क्षुल्लक प्रश्नातून: पत्रे पोलिसांना न पाठवता मला का? तिसऱ्या पत्रावर पत्ता चुकलेला होता, म्हणून ते उशिरा पोचले आणि सर कार्माइकल मेले. स्कॉटलंड यार्डाला पाठवलेले पत्र चुकीच्या घरी जाणे अशक्य. एखाद्या खासगी गृहस्थाचे जाऊ शकते. टपालाच्या एका चुकीवर सगळी कादंबरी उभी आहे, आणि ती चूक मुद्दाम केलेली होती.

येथे दुसरा आणि मोठा मतभेद. रॉबर्ट बर्नार्ड या समीक्षकाने ख्रिस्तीबाईंवरील आपल्या १९८० च्या पुस्तकात या कादंबरीची मनापासून प्रशंसा केली आहे. पण माथेफिरूचा पाठलाग म्हणून सुरू झालेली ही गोष्ट शेवटी मोजक्या संशयितांवर आणि इस्टेटीच्या हेतूवर येते हे पाहून, इंग्रजी रहस्यकथेला अतर्क्य झेपतच नाही असाही शेरा मारला आहे. आमच्या मंडळातील तरुण सभासदांचे नेमके हेच म्हणणे. दूरचित्रवाणीवर आणि चित्रपटांत त्यांनी जे सीरियल किलर पाहिले आहेत त्यांना हेतू नसतो, किंवा असलाच तर तो मनाच्या तळघरात असतो. त्यांच्या मते बाई वाघाच्या शिकारीला निघाल्या आणि वकिलाच्या कचेरीत पोचल्या.

हे बोलणे चटकदार आहे, पण मला पटत नाही. तो शब्दच १९३६ मध्ये रूढ नव्हता. अमेरिकेच्या एफ.बी.आय.मधील मंडळींनी तो प्रचारात आणला तो १९७० नंतर. बाईंसमोर नमुना होता तो १८८८ च्या लंडनमधील 'जॅक द रिपर'चा. त्याच्या नावाने आलेले प्रसिद्ध पत्रही कोणा पत्रकाराने रचले असावे, असा संशय पोलिसांना होता. म्हणजे वेडाचे सोंग आणि पत्रांचा बाजार ही जोडी आधीपासूनची. पुढे प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. १९८२ मध्ये शिकागोत कोणीतरी डोकेदुखीच्या औषधात सायनाइड मिसळले आणि सात माणसे मेली. तो गुन्हेगार कधीच सापडला नाही. १९८६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका बाईने विम्याच्या पैशांसाठी नवऱ्याला तसेच मारले, आणि हे कोणा अज्ञात माथेफिरूचे काम वाटावे म्हणून विषारी बाटल्या दुकानांच्या फळ्यांवरही ठेवल्या. एक अनोळखी स्त्री त्यात बळी पडली. १९८८ मध्ये त्या बाईला शिक्षा झाली. पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेल्या कादंबरीचा आराखडा जसाच्या तसा! तेव्हा हेतू असलेले खूनसत्र म्हणजे लेखिकेचा भित्रेपणा, असे कोणी म्हणू नये.

आणि आपल्याला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. माहेर पुण्याचे असलेल्या आमच्या एका भगिनींनी ही कादंबरी अर्ध्यावर परत केली. दुसऱ्या खुनानंतर प्वारो आणि हेस्टिंग्ज तिसऱ्या अक्षराची वाट पाहतात, ती वाट पाहणे त्यांना वाचवेना. १९७६ साली त्या शाळेत होत्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसे मारली गेली. जोशी आणि अभ्यंकर ही दोन कुटुंबे त्यांच्या राहत्या घरांत संपवली गेली. दिवेलागणीला कड्या लागत, रस्ते ओस पडत, दारावर थाप पडली की घरातले एकमेकांकडे बघत. पुणेकर तेव्हा कोणा सैतानाची कल्पना करीत होते. पकडले गेले ते कलाशिक्षण घेणारे चार तरुण, आणि हेतू होता पैसाअडका. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला त्यांना फाशी झाली. या भगिनींनी बैठकीत एवढेच विचारले की, पुढचे अक्षर कोणते येणार याची उत्सुकता तुम्हाला वाटली तशी मला का वाटू नये, हे तुम्हाला कळले ना? त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही.

त्या शांततेनंतरच ॲलिस ॲशरचा विषय निघाला, आणि माझ्या दृष्टीने आमच्या चर्चेतला हा सर्वांत मोलाचा भाग. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी काढलेला मुद्दा असा: पहिल्या खुनाकडे वर्तमानपत्रांनी फारसे पाहिलेच नाही. गरीब म्हातारी, दारुडा नवरा, गल्लीतले दुकान. पोलिसांच्या लेखीही तो नवऱ्याचाच उद्योग. देश हादरतो तो पुढे, अक्षरांची रांग लागल्यावर आणि 'सर' पदवीचा माणूस मेल्यावर. फ्रँकलिनचा हिशोबही तोच होता. 'अ' आणि 'ब' ही त्याच्या लेखी माणसे नव्हती, 'क'कडे जाण्याच्या पायऱ्या होत्या. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रामन राघवने ज्यांना मारले ती झोपड्यांत आणि रस्त्याकडेला झोपणारी माणसे होती. रामनचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या बळींपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय? बैठकीत कोणालाही सांगता आले नाही.

प्वारो मात्र त्या म्हातारीच्या खोलीत जातो. तिचे कपडे पाहतो, जुना फोटो पाहतो, कोरी मोज्यांची जोडी पाहतो. त्या मोज्यांचा धागाच पुढे कस्टपर्यंत नेतो, कारण फ्रँकलिनने त्याला बनावट नोकरीच्या पत्राने मोजे विकायला त्याच गावांत धाडलेले असते. पण धागा सापडण्याच्या आधीच, काही उपयोग होईल याची खात्री नसताना, तो तेथे बारकाईने पाहतो. पुढे मृतांच्या आप्तांची तो एक तुकडी जमवतो. त्यात म्हातारीची मोलकरीण भाची सरदाराच्या भावाशेजारी बसते. बेटीची बहीण मेगन तर मेलेल्या बहिणीचे खोटे गुणगान करायला नकार देते. मुख्याध्यापिकाबाईंना ही मुलगी फार आवडली. शोकसभांतून आपण मृताला जो गोडवा फासतो, त्यात तो माणूस दुसऱ्यांदा नाहीसा होतो, असे त्या म्हणाल्या.

वकील असलेल्या एका तरुण सभासदाची तक्रार वेगळी. कस्टविरुद्धचा सगळा पुरावा परिस्थितिजन्य, आणि तो इतका परिपूर्ण की त्याची परिपूर्णताच संशयास्पद वाटावी. त्याच्या बाजूने एकच गोष्ट: बेटी मेली त्या रात्री तो ईस्टबोर्नला एका अनोळखी गृहस्थाबरोबर डॉमिनोज खेळत बसला होता. ती साक्ष पोलिसांना नकोशी होते. येथवर त्याला सर्व मान्य. पण शेवटी प्वारो फ्रँकलिनला सांगतो की, टंकलेखन यंत्रावर तुझ्या बोटाचा ठसा मिळाला आहे, आणि ते चक्क खोटे असते. असत्य सांगून काढलेली कबुली आपण टाळ्या वाजवून स्वीकारायची का? मंडळातील बहुतेकांनी प्वारोला माफ केले. मालिकेतल्या जुन्या नायकाला वाचक फार माफ करतात, हा दीर्घ मालिकेचा फायदा आणि धोकाही. त्याने पिकलेल्या केसांना कलप लावलेला पहिल्याच प्रकरणात उघड होतो, आणि ते वाचून आपण त्याच्याकडे घरच्या माणसासारखे पाहू लागतो. घरच्या माणसाची उलटतपासणी कोण घेतो!

याच आपलेपणामुळे २०१८ मध्ये बीबीसीने जॉन माल्कोविच यांना घेऊन या कादंबरीची जी मालिका केली, तिच्यावर काही वाचक रुष्ट झाले. त्यात प्वारोला नवाच पूर्वेतिहास दिला गेला. आमच्याकडे १९९२ च्या डेव्हिड सूशे यांच्या आवृत्तीचे भक्त आहेत. त्यांना तो प्वारो परका वाटला. परकेपणाविषयी त्या मालिकेने जे दाखवले त्याचे बीज मात्र मूळ कादंबरीत आहे. फ्रँकलिनला हा बेल्जियन परदेशी म्हणून खुपतो, आणि म्हणूनच त्याची पत्रे खिजवणारी असतात. शेवटी प्वारो त्याला सुनावतो की, तुझा गुन्हा इंग्रज खिलाडूपणाच्या अगदी विरुद्ध होता. एका निरपराध माणसाला जिवंतपणी कोंडून टाकायला तू निघाला होतास.

आता आपल्या संग्रहातील प्रतीविषयी, म्हणजे माझे काम संपले. या प्रतीच्या पहिल्या पानावर कोणा जुन्या वाचकाने ठसठशीत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'खुनी कस्ट आहे. वेळ घालवू नये.' अर्धे पुस्तक वाचून ते परत करणाऱ्या कोणा परोपकारी गृहस्थाचे हे हस्ताक्षर असावे. ग्रंथपालांनी खोडरबर हातात घेतला होता. मंडळाने एकमताने विनंती केली की, ती ओळ राहू द्यावी.